डाव्या हातावरचा पुरावा

साप पकडणं हे माझं काम कधीच नव्हतं. माझं काम होतं शोधणं. पण काचेच्या बरण्या, चिमटा आणि लोखंडी आकडी घेऊन तुम्ही जळगावच्या स्टँडवर एसटीत चढलात, की कंडक्टरपासून मागच्या बाकावरच्या म्हातारीपर्यंत सगळ्यांनी ठरवून टाकलेलं असतं की ही सापवाली. भर लगीनसराईत माझ्या शेजारची जागा बोदवडपर्यंत रिकामी राहिलेली मी पाहिली आहे. माणसं उभी राहिली, पण बसली नाहीत. माझ्या बरणीत एक कोळी होता आणि एक गोम.

नव्वद सालाच्या आसपास मी एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात या कामाला लागले. जे जे सरपटतं, रांगतं, उडतं, ते अभ्यासासाठी रानातून शोधून आणायचं. पद हंगामी, काम बारमाही. बाईमाणसानं हे करावं हे कुणालाच मंजूर नव्हतं, माझे वडील सोडून. ते एका छापखान्यात खिळे जुळवायचे. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. संपाची, मोर्च्यांची, हुंड्याविरुद्धची, 'ग्रहणात जेवा, काही होत नाही' असं सांगणारी. छापून उरलेले गठ्ठे घरी यायचे आणि मी त्यांच्यावर अक्षरं गिरवायची. त्यातून एक खोड लागली ती कायमची. कुणी 'असंच असतं' म्हटलं की माझ्या तोंडून 'कशावरून?' निघतं. सासर मिळायला ही खोड वाईट. किडे शोधायला फार चांगली.

या कामातलं पहिलं शास्त्र दगड उचलण्याचं. दगडाची पलीकडची कड धरून तो आपल्याकडे उलटायचा. म्हणजे खाली विंचू असो की फुरसं, त्याच्या आणि तुमच्या मधे दगडाचीच ढाल होते आणि त्याला समोर पळायला वाट राहते. नवखा माणूस अलीकडची कड उचलतो आणि जनावराला स्वतःच्याच पायांकडे रस्ता करून देतो. बघून झालं की दगड होता तसा ठेवायचा. ते कुणाचं तरी छप्पर असतं.

दुसरं शास्त्र उजेडाचं. कोळ्याची जाळी भर दुपारी शोधू नयेत. सकाळी दव असताना उन्हाकडे तोंड करून बांधावर बसावं, मग आदल्या दिवशी रिकामा वाटलेला बांध तारांनी भरलेला दिसतो. बोदवडकडच्या मुरमाड बांधांत बिळं करून राहणारे केसाळ कोळी असतात. बिळाच्या तोंडाला रेशमाचं ताजं अस्तर असेल तर मालक घरात आहे. तिथं गवताची काडी हळूच हलवली की तो पुढच्या पायांनी ती बाहेर लोटतो, दुपारच्या झोपेतून उठलेल्या आजोबांनी वर्गणीवाल्याला लोटावं तसा. असे कितीतरी मी जिवंत आणले आणि ते स्पिरिटच्या बरण्यांत गेले. फळीवरच्या त्या बरण्यांकडे बघताना आज अभिमानही वाटतो आणि अपराधीही.

तिसरं शास्त्र मला कुणी शिकवलं नाही. जे शोधायचं ते आधीच ठरवून जाऊ नये. नाग शोधायला निघालेल्याला रबरी नळीही फणा काढून दिसते.

दोंडाईच्याला एका मिरचीच्या व्यापाऱ्यानं बोलावलं होतं. गोदामाच्या बाहेर शेठ, मुनीम आणि आतून पळून आलेले सगळे हमाल रस्त्यावर उभे.

"ताई, नाग शे नाग! बठ्ठा मजूर पयी ग्यात!"

"पाहिला कुणी?"

"कोन्हीच नई. पन नागच शे."

मिरचीच्या पोत्यांत साप शोधणं म्हणजे दर पोत्यामागे एक शिंक. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. शेवटच्या थप्पीमागे सापडली ती धामण. विषाचा थेंब नसलेली, लांबलचक, पोटात नुकताच गिळलेला उंदीर. मी ती धरून उजेडात आणली. हमाल आणखी मागे सरले. शेठ मात्र जवळ आले आणि कानाशी लागून विचारते झाले, "त्यानाकडे मणी शे का?"

"मणी नाही, उंदीर आहे. हवा का?" मी म्हटलं, "हिला इथंच राहू द्या. तुमची पोती कुरतडणारे ही खाते."

शेठ विचारात पडले. "मंग इनं नाव मस्टरमा लावू का?"

सगळे हसले, आणि हसल्यावर आत शिरले. धामण गोदामात राहिली. मी विभागात रिकाम्या हातानं परतले, पण मान ताठ होती.

तरीही ज्या शोधासाठी हे लिहायला बसले तो ना सापाचा, ना कोळ्याचा. तो तांदळाच्या दाण्याएवढ्या एका किड्याचा आहे.

श्रावणातल्या एका शनिवारी सकाळी सावद्याकडचे एक केळीवाले शेतकरी विभागाच्या दारात येऊन उभे राहिले. धोतर, टोपी, हातात मिटलेली छत्री. गाव त्यांना नाना म्हणायचं, मीही नानाच म्हणाले.

"तुम्ही कोयी पकळता म्हने?"

"कोळी? पकडते. कुणाला चावला का?"

"तेच तं कयत नई. चावला असता तं मानूस ओरडला नसता का?"

हकिगत अशी होती. आदल्या रविवारी त्यांच्या घरी कानबाई बसली होती. खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे ही देवी घरोघर येते. नारळाला नटवून तिची स्थापना करतात, रात्रभर गाणी आणि फुगड्या चालतात, सकाळी वाजतगाजत विसर्जन. नैवेद्याला रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, असतात. त्यांचे गहू घरातल्या पुरुषांच्या हिशेबानं सव्वाच्या मापात मोजून घ्यायचे, जास्त नाही, कमी नाही. आणि रोट भाऊबंदकीबाहेर जाऊ द्यायचा नाही. काही घरांत तर लग्न झालेल्या लेकीलाही मिळत नाही.

नानांच्या धाकट्या सुनेनं, सुमननं, तो बाहेर दिला. मळ्यातल्या झोपडीत गेंदीबाई नावाची सातपुड्यातली पावरा आदिवासी मजूर बाई राहायची. तिचं पोर वासावर येऊन दारात रडत उभं राहिलं. सुमननं अर्धा रोट मोडून त्याच्या हातात ठेवला. सासूनं, म्हणजे आक्कांनी, ते पाहिलं. सणाचा दिवस म्हणून त्या गप्प बसल्या.

सोमवारी विसर्जन झालं. मंगळवारी सकाळी घरातल्या आणि शेजारच्या बायका उठल्या त्या कुणी मानेवर, कुणी गालावर, कुणी दंडावर भाजल्यासारखे लाल पट्टे घेऊन. आक्कांचा एक डोळा सुजून मिटला. सावद्याच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि एखादा किडा असावा असं सांगितलं. ते बरोबरच होते. पण गावानं विचारलं, एवढ्या बायकांना किडा चावला आणि एकीलाही कळलं नाही? त्यापेक्षा सोपं उत्तर तयार होतं. आई, म्हणजे कानबाई, रागावून गेली. रोट बाटला. आणि सगळ्यांत मोठा पुरावा म्हणजे सुमनच्या अंगावर एक डागही नव्हता! आईनं तिला मुद्दाम वगळलं, सगळ्यांना कळावं म्हणून.

सुमनला चुलीला हात लावायची बंदी झाली. गेंदीबाईला झोपडीसकट मळ्यातून उठवलं. आणि ठरलं की येत्या सोमवारी सुमनचा भाऊ येऊन तिला माहेरी नेईल, कायमची. तिची तीन वर्षांची मुलगी इथंच राहील.

"सोमवार म्हणजे परवा," मी म्हटलं.

"म्हनून तं आलो," नाना म्हणाले. "घरात माह्यं कोनी ऐकत नई. काही जनावर सापडलं तं सापडलं."

माझ्या डोक्यात सगळी पत्रकं एकदम वाजू लागली. मी आकडी, बरण्या आणि एक पांढरा पंचा घेतला आणि त्यांच्याबरोबर निघाले.

नानांचं घर मळ्यातच होतं. अंगणाला लागून पाण्याची चारी, चारीपलीकडे केळीची बाग. ओट्यावर आक्का बसल्या होत्या. उघड्या डोळ्यानं त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"साप पकळनारी ते तूच का वं?"

"हो, आक्का."

"लगन झालं?"

"नाही."

"कसं होईन!"

बायका खिदळल्या, आणि त्या हसण्यानं माझं काम सोपं झालं. पुरुषाला त्यांनी मानेवरचा पदर बाजूला करून दाखवला नसता. मला दाखवला. मी एकेकीला उजेडात घेऊन पट्टे पाहिले. चावणारं जनावर ठिपका ठेवतं, दातांची किंवा नांगीची खूण ठेवतं. इथं खूण कुठंच नव्हती. पट्टे होते, बोटानं काही पुसत न्यावं तसे. एकीच्या कोपराच्या खळगीत पट्टा होता आणि हात दुमडला की जिथं टेकेल, बरोबर तिथं दुसरा, आरशात पाहावा तसा. हे चावणं नव्हतं. हे काहीतरी अंगावर चिरडलं गेलं होतं.

"रविवारी रात्री कुठं बसला होतात?"

"मांडवात. फुगड्या खेयत होतो."

"दिवा कुठं होता?"

त्यांनी बोट दाखवलं. पाण्याच्या मोटारीच्या शेडवरून वायर ओढून, बागेच्या कडेला खांबावर मोठा बल्ब लावलेला होता. पट्टे उठलेली प्रत्येक बाई, आक्कासुद्धा, त्या बल्बाखाली बसलेली निघाली. देवीपाशी खोलीत बसलेल्या म्हाताऱ्या स्वच्छ. आणि सुमन रात्रभर मागच्या चुलीशी चहा करत होती.

मी बागेत शिरले. श्रावणातली केळीची बाग म्हणजे माझ्यासारखीचा राजवाडा. वर पानांचं छत, खाली गळून कुजलेली पानं, पायाखाली चिखल. नाना आणि निम्मं गाव मागे. पहिल्याच पानाखाली गोम. खोडाच्या सालीत चपटे कोळी. चारीत एक पाणदिवड, बिनविषारी पाणसाप, सळसळली आणि मागून आरोळी उठली, "हेच! हेच जनावर!"

"हिनं फुगडीत घुसून गाल चाटले का?" मी तिला धरून दाखवत विचारलं आणि परत पाण्यात सोडून दिलं. आरोळी देणारा गडी मागे गेला.

दुपार कलली. कोळी तपासले, केसाळ अळ्या तपासल्या, कशाचाच त्या पट्ट्यांशी मेळ बसेना. मग मी शोधणं थांबवलं आणि बल्बाच्या खांबाशी पाठ टेकवून उभी राहिले. रात्री या उजेडाकडे यायचं झालं तर सगळ्यांत जवळची ओली, अंधारी जागा कोणती? समोरच, चारीच्या काठाला, बागेतली कुजकी पानं ओढून टाकलेली होती.

मी पलीकडची कड धरून तो थर आपल्याकडे उलटला.

मुंग्या पळाव्यात तसं काहीतरी पळालं. पण मुंग्या नव्हत्या. लांबट अंग, नारिंगी आणि काळे पट्टे, मधे निळसर चमक. एकाच्या पुढे काडी धरली तर त्यानं विंचवासारखं शेपूट वर केलं. मी तिथंच चिखलात बसले आणि मोठ्यानं ओरडले. नानांना वाटलं मला काहीतरी डसलं.

हा किडा आमच्या विभागातल्या पेटीत टाचणीला टोचलेला होता. आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की हा चावत नाही, डंख मारत नाही, पण अंगावर बसला तर फुंकर मारून उडव, चिरडू नकोस. त्याच्या रक्तात आग असते. आणि ती आग लगेच कळत नाही. एक दिवस जातो, कधी जास्त. रविवारी रात्री मानेवर काही वळवळलं म्हणून बाईनं हात फिरवला, गाणं चालू ठेवलं. मंगळवारी भाजलं. मधल्या वेळात ती हात फिरवल्याचं विसरलेली, आणि देवी गेलेली!

दिवेलागणीला मी तोच बल्ब लावायला सांगितला आणि खाली पंचा पसरला. गाव जमलं. पतंग आले, तुडतुडे आले, आणि पाठोपाठ ते नारिंगी पट्टेवाले पंच्यावर उतरले. लोक वाकून पाहू लागले.

"एवळुसा?" आक्का म्हणाल्या. "ह्यानं माह्या डोया मिटला?"

"दाखवते."

सुमन इतका वेळ दाराआड होती. ती पुढं आली आणि बाही सारून हात पुढं केला. "माह्या हातावर चोया."

"तुझ्या हातावर उठलं तर म्हणतील, बघा, आता हिच्यावरही कोपली." मी माझ्या दोन्ही बाह्या वर केल्या. "मी तुमच्या भाऊबंदकीतली नाही. रोट खाल्ला नाही, दिला नाही. माझ्यावर तुमची आई कोपायचं कारण नाही. या उजव्या हातावर हा साधा तुडतुडा चिरडते. डाव्यावर हा."

आक्कांची बुद्धी मिटलेल्या डोळ्याबरोबर मिटली नव्हती. त्या ताडकन म्हणाल्या, "आईच्या अंगनात उभी राहून तिची परीक्षा घेऊ र्‍हायली. त्याच्यासाठी कोपली तं?"

"मग दोन्ही हातांवर कोपेल, आक्का. देवी काय डावं-उजवं बघून कोपते?"

आक्का बघायला पुढं सरकल्या. मी दोन्ही किडे सगळ्यांसमोर चिरडले आणि त्या रात्री नानांच्याच घरी राहिले.

रविवार उजाडला. दोन्ही हात स्वच्छ. दुपार झाली, स्वच्छ. चारीवर धुणं धुणाऱ्या बायका येता-जाता विचारू लागल्या, "काव वं, पिकला का हात?" आरोळीवाला गडी म्हणाला, "मॅडम, पाणदिवडच होती, सांगत होतो." मी मोठ्यानं उत्तरं दिली. पण आतून हलले होते. किडा पुरेसा चिरडला नसेल तर? यातल्या काही जातींत आग कमी असेल तर? उद्या भाऊ येणार होता. माझं फक्त हसं होणार होतं, सुमनची पोर जाणार होती.

सुमन ओट्याच्या टोकाला मुलीची वेणी घालत बसली होती. सोडायची, परत घालायची.

"ताई, नई उठलं तं?"

"उठेल."

"तुम्हाले भेव नई वाटत? हात जयला तं?"

"जळण्याचं नाही वाटत. न जळण्याचं वाटतंय."

ती पहिल्यांदा हसली. तिन्हीसांजेला डाव्या मनगटाच्या वर थोडं चुरचुरलं. मी कुणाला सांगितलं नाही. नुसत्या चुरचुरीनं गाव जिंकता येत नाही.

सोमवारी सकाळी जाग आली ती आगीनं. डाव्या हातावर बोटभर लाल पट्टा आणि त्यावर बारीक पाणी धरलेले फोड. माझ्या आयुष्यात कुठल्याही बक्षिसानं मला एवढा आनंद दिलेला नाही. मी बाही वर करून धावतच अंगणात आले. तेवढ्यात सुमनचा भाऊ छकडा घेऊन दारात पोचला होता आणि बैल सोडावेत की नाही या विचारात उभा होता.

आक्कांनी माझा हात धरून उघड्या डोळ्याजवळ नेला. मग थोरल्या सुनेला हाक मारली, तिची मान माझ्या हाताशेजारी धरली आणि आळीपाळीनं दोन्हीकडे पाहिलं.

"उजवा दाखव."

उजवा स्वच्छ होता. त्यांनी त्यावर अंगठा घासून पाहिला.  आक्कांनी मग त्या खांबावरच्या बल्बाकडे पाहिलं, कुजक्या पानांच्या ढिगाकडे पाहिलं, आणि गड्याला म्हणाल्या, "तो ढीग दूर नेऊन टाक. हात नको लावू, फावळ्यानं उचल."

नाना सुमनच्या भावाकडे वळले. या तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "बापू, चहा घे आनि गाळी रिकामी ने."

बायकांत एकच गलका उठला. कुणी माझा हात बघायला धावलं, कुणी सुमनच्या पोरीला उचललं. कालचा गडी फावडं घेऊन सगळ्यांना सांगत सुटला की त्याला आधीपासूनच किड्याचा संशय होता. मी त्या गलक्यात मधोमध उभी होते, हात जळत होता, आणि मला वाटत होतं की आता वडिलांना सांगून याचं पत्रक छापावं आणि सावदा ते दोंडाईचा प्रत्येक भिंतीवर चिकटवावं.

आक्का सुमनकडे न बघता म्हणाल्या, "चूल पेटव."

सुमन जागची हलली नाही.

"पेटवते," ती म्हणाली. "पन गेंदीबाईची झोपळी?"

"आजच लावतो," नाना म्हणाले.

"आनि आक्का, रोट मी देल्ता. पोर भुकेलं होतं. पुढच्या साली भुकेलं दिसलं तं पुन्हा दीन. आताच सांगून ठेवते."

 मी किड्याचा पुरावा आणला होता. त्याच्या आडोशाला उभं राहून ती सुखानं सुटली असती. ती उभी राहिली नाही. मी जे बल्बाखाली, पंच्यावर, माझ्या कातडीवर सिद्ध केलं होतं, त्याच्या पुढचं पाऊल तिनं भर अंगणात सगळ्यांसमोर टाकलं होतं, आणि त्याला कुठल्याच किड्याचा आधार नव्हता.

आक्कांनी सुजलेला डोळा पदरानं टिपला. उघडा डोळा सुनेवर रोखला. 

"देजो ना मंग," त्या म्हणाल्या. "पन गहू जास्त घेजो. औंदा रोट मलेच कमी पळला."